हृदय आणि रक्तवाहिन्यांचा आजार: कोल्हापुरात कोणत्या दारात, किती वेळात आणि कोणते कागद घेऊन जावे

कोल्हापूर जिल्ह्यात नव्याने राहायला आलेले लोक, किंवा ज्यांच्या घरात हृदयाचा आजार पहिल्यांदाच आला आहे अशी कुटुंबे, सर्वप्रथम विचारतात ते हे की इथे चांगला डॉक्टर कोण. नातेवाईक, शेजारी आणि ओळखीपाळखीच्या माणसांबरोबर अनेक वर्षे रुग्णालयांचे जिने चढून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या हातात मिनिटे आहेत, तास आहेत की आठवडे आहेत, हे आधी ठरवावे लागते. कारण कोणत्या रुग्णालयात जायचे, कोणत्या वाहनाने जायचे आणि कागद आधी जमवायचे की नंतर, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून असते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: मिनिटांचा मामला ओळखणे

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखे किंवा जड दगड ठेवल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात, मानेत किंवा पाठीत उतरणे, सोबत दरदरून घाम, मळमळ किंवा धाप लागणे, आणि हे सर्व विश्रांती घेऊनही काही मिनिटांत न थांबणे, ही हृदयविकाराच्या झटक्याची परिचित लक्षणे आहेत. मात्र मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यात चित्र अनेकदा वेगळे दिसते: छातीत विशेष काही न दुखता नुसती धाप लागते, पोटाच्या वरच्या भागात जळजळते, अचानक गळून गेल्यासारखे होते. आपल्याकडे या जळजळीला "पित्त" किंवा "गॅस" असे नाव देऊन मोकळे होण्याची सवय आहे, आणि ही सवय किती महाग पडते हे मी घरातच पाहिले आहे.

माझे मामा भुदरगड तालुक्यातले. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे चारच्या सुमारास त्यांना छातीखाली जळजळ सुरू झाली. मामींनी सोडा दिला, मग पित्ताची गोळी दिली. उजाडल्यावर ते जवळच्या एका दवाखान्यात गेले. तेथे त्यांना सलाईन लावून दिवसभर झोपवून ठेवले गेले आणि ईसीजी काढला गेला तो संध्याकाळी. कोल्हापुरात पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. मामा वाचले, पण हृदयाच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा इतके तास बंद होता तो भाग परत आला नाही. इकोच्या अहवालात हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्के लिहून आली, आणि जो माणूस बांधावरून भारा डोक्यावर घेऊन चालत असे त्याला आता दारातल्या दोन पायऱ्या चढल्यावर थांबावे लागते. एक ईसीजी सकाळी निघाला असता तर, हा विचार आमच्या घरातून अजून गेलेला नाही.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवावा: छातीत, वरच्या पोटात किंवा जबड्यात अनोळखी दुखणे आले तर ज्या दवाखान्यात जाल तेथे "आधी ईसीजी काढा" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघावा, असा वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांचा आग्रह आहे. ईसीजीचे यंत्र नसेल तर तेथे एक क्षणही न घालवता यंत्र असलेल्या ठिकाणी जावे. पहिला ईसीजी सामान्य आला तरी दुखणे चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो, आणि ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते; एकदा "नॉर्मल" आले म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये.

वाहन म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात २०१४ पासून चालू आहे, ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोनवर बोलताना रुग्णाचे वय, छातीत दुखण्यास किती वाजता सुरुवात झाली, घाम आहे का, शुद्ध आहे का आणि गावातली ओळखीची खूण, एवढे सांगावे. रुग्णवाहिकेला फारच वेळ लागणार असेल तर गावातली चारचाकी घ्यावी. रुग्णाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणण्याची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. वाटेत हृदयाचे ठोके बिघडले तर त्या माणसाला रस्त्याकडेला आडवे करण्यापलीकडे काही करता येत नाही. रुग्णाने स्वतः गाडी चालवणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे. रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे.

गोळ्यांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा चावून खाल्ल्याने हृदयविकाराच्या झटक्यात फायदा होतो हे खरे, पण ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, ज्यांना अलीकडे रक्तस्राव झाला आहे किंवा ज्यांचे दुखणे लकव्याचे असू शकते, त्यांनी ती घेऊ नये. त्यामुळे १०८ च्या किंवा आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारून घेणे उत्तम. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याच्या खिशातून काढून देऊ नये, कारण रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती तो आणखी उतरवते.

दुसरी पायरी: अंतराचे गणित आधीच करून ठेवणे

मोठ्या झटक्यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे तातडीची अँजिओप्लास्टी, म्हणजे मनगटातल्या किंवा मांडीतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडणे आणि तेथे स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवणे. ही सोय ज्या खोलीत होते तिला कॅथलॅब म्हणतात. झटका ओळखल्यापासून १२० मिनिटांच्या आत वाहिनी उघडणे शक्य असेल तर थेट कॅथलॅबकडे जावे. तेवढ्या वेळात पोहोचणे शक्य नसेल तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन, मग पुढच्या काही तासांत ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी, म्हणजे वाहिन्यांतले अडथळे पाहण्याच्या तपासणीसाठी, मोठ्या रुग्णालयात जावे, असे तत्त्व जगभर पाळले जाते. इंजेक्शनाचा उपयोग पहिल्या तीन तासांत सर्वाधिक असतो आणि १२ तासांनंतर तो जवळजवळ राहत नाही.

हे तत्त्व कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहिले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. करवीर, कागल, हातकणंगले किंवा पन्हाळ्याच्या पूर्वेकडच्या गावातून शहर गाठायला फारसा वेळ लागत नाही. पण शाहूवाडीचा डोंगराळ भाग, गगनबावडा, राधानगरीच्या वरची गावे, भुदरगड, आजरा, चंदगड येथून रात्री निघालेल्या माणसाला गाडी मिळवण्यापासून कॅथलॅबच्या दारापर्यंतचा वेळ धरला तर दोन तास सहज उलटतात. अशा गावांतल्या लोकांनी गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तालुक्याच्या गावातले जवळचे रुग्णालय येथे हे इंजेक्शन देण्याची सोय आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे निरोगी असतानाच एकदा जाऊन विचारून ठेवावे. चंदगडकरांना बेळगाव कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ पडते, आणि शिरोळ तालुक्यातल्या अनेक गावांना सांगली-मिरज सोयीचे आहे. जिल्ह्याची सीमा किंवा राज्याची सीमा हृदयाला कळत नाही. जवळचे जे कॅथलॅब तेच आपले.

पावसाळ्यात हे गणित पुन्हा बदलते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्याच्या वर गेले की गावोगावचे बंधारे आणि रस्ते बंद होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली होती. ज्यांच्या घरात हृदयाचा जुना रुग्ण आहे आणि गाव पुराच्या पट्ट्यात आहे, त्यांनी इशारा पातळीची बातमी ऐकताच निदान महिनाभराची औषधे घरात आणावीत, आणि रुग्णाची तब्येत नाजूक असेल तर पाणी चढण्याआधीच त्याला शहरातल्या किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवावे. सिंधुदुर्गातून करूळ, फोंडा किंवा आंबोली घाटाने कोल्हापूरला उपचारासाठी येणाऱ्यांनीही दरड कोसळून घाट बंद तर नाही ना, याची चौकशी करूनच निघावे.

निघाल्यावर गाडीतून करायचा एक फोन फार उपयोगी पडतो. ज्या रुग्णालयात जात आहात तेथे विचारावे: "कॅथलॅब आत्ता चालू आहे का, आणि हृदयरोगतज्ज्ञ आत्ता उपलब्ध आहेत का?" पहिल्या दवाखान्यात निघालेल्या ईसीजीचा स्पष्ट फोटो व्हॉट्सॲपवर पुढे पाठवावा. कागद सरळ पसरून, सावली न पडू देता, बाराही लीड, म्हणजे आलेखाचे बाराही भाग, दिसतील असा फोटो काढावा आणि ईसीजी किती वाजता काढला ती वेळ त्यावर पेनने लिहावी. असा फोटो आधी पोहोचलेल्या रुग्णाला अपघात विभागात ताटकळावे न लागता थेट आत नेलेले मी पाहिले आहे.

तिसरी पायरी: पायाचे दुखणे रक्तवाहिनीचे आहे का, हे पाहणे

हृदयाची धास्ती आता लोकांना बरीच आहे, पण पायाच्या रक्तवाहिन्यांकडे लक्ष देण्याची सवय आपल्याकडे जवळजवळ नाही, म्हणून या पायरीवर थोडा अधिक वेळ थांबतो.

एखादा पाय किंवा हात अचानक खूप दुखू लागला, पांढराफटक आणि गार पडला, त्यात मुंग्या येऊन बधिरता आली आणि बोटे हलेनाशी झाली, तर त्या अवयवाकडे जाणारी धमनी गुठळीने बंद झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर अवयव गमावण्याची वेळ येते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात किंवा ज्यांची झडप अरुंद आहे त्यांच्यात हा धोका अधिक असतो. येथे तेल चोळणे, शेक देणे, पाय वर टांगणे यांत गेलेला प्रत्येक तास नुकसानीचा आहे. चेहरा वाकडा होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा बोबडी वळणे ही मेंदूच्या रक्तवाहिनीची लक्षणे आहेत आणि त्यांसाठीही गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाची मुदत साडेचार तासांचीच आहे.

आठवड्यांच्या हिशोबातले दुखणे वेगळे दिसते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-चार मिनिटांत जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. याला लोक वात किंवा कमरेची नस समजून वर्षानुवर्षे मालिश करत बसतात. पायाच्या नळीवरचे केस गळणे, कातडी चकचकीत होणे, नखे जाड होणे, रात्री पाय पलंगाखाली सोडला की बरे वाटणे आणि अंगठ्याची छोटी जखम महिनाभर न भरणे, ही पुढची चिन्हे आहेत. घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते: पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेच्या किंचित बाहेर, दोन बोटे हलकेच टेकवून ठोका लागतो का ते पाहावे आणि दोन्ही पायांची तुलना करावी. सर्वच निरोगी माणसांत हा ठोका सहज सापडत नाही, त्यामुळे न लागल्यास घाबरू नये. पण एका पायात स्पष्ट लागतो आणि दुखणाऱ्या पायात लागत नाही, असे दिसले तर डॉक्टरांना तसे सांगावे. दवाखान्यात घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे प्रमाण काढतात, ते ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असे मानतात आणि पुढे रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करतात.

विडी, सिगारेट आणि तंबाखू यांचा या आजाराशी थेट संबंध आहे. तरुण विडी ओढणाऱ्यांत बोटे काळी पडत जाणारा बर्जर नावाचा आजार तर तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय कोणत्याही औषधाने थांबत नाही. आपल्या भागात वयस्कर स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावतात. आक्का किंवा आजीला डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" असे विचारले की त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. बरोबर गेलेल्या माणसाने ही माहिती स्वतःहून द्यावी.

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला जखम होऊन बोट काळे पडले आणि कोणी बोट किंवा पाय कापण्याचा सल्ला दिला, तर नम्रपणे एक गोष्ट मागावी: कापण्याआधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर आणि व्हॅस्क्युलर सर्जनचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाचे, मत. पायात रक्त उतरत नसताना नुसते बोट काढले तर ती जखमही भरत नाही, आणि मग घोट्यापासून, मग गुडघ्याखालून, असे करत माणूस पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. पू वर चढून जिवावर बेतले असेल तर कापणे लांबवता येत नाही हेही तितकेच खरे. पण तो निर्णय कोणत्या कारणाने होतो आहे, हे आपल्याला समजले पाहिजे.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, विशेषतः मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्लास्टर किंवा दीर्घ प्रवासानंतर, तर शिरेत गुठळी झाली आहे का हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, आणि म्हणूनच अशा पोटरीला मालिश करू नये.

चौथी पायरी: योग्य तज्ज्ञ आणि योग्य दार निवडणे

तातडी नसेल तर आधी आपल्या नेहमीच्या फिजिशियनकडे जाणेच योग्य. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला थेट मोठ्या तज्ज्ञाकडे नेण्याची गरज नसते. पुढे पाठवले गेल्यावर मात्र कोण काय करतो हे ठाऊक असावे. कार्डिओलॉजिस्ट हृदयाचे निदान, औषधे, अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि पेसमेकर पाहतो. बायपास, झडप बदलणे आणि हृदयाचे छिद्र बंद करण्याची उघडी शस्त्रक्रिया हृदयशल्यचिकित्सक करतो. पायाच्या, मानेच्या आणि पोटातल्या मोठ्या वाहिन्या, व्हेरिकोज व्हेन्स, तसेच डायलिसिससाठी हातावर करायचा फिस्टुला ही व्हॅस्क्युलर सर्जनची कामे. या शाखेचे तज्ज्ञ संख्येने कमी असतात आणि काही जण ठरावीक वारीच रुग्णालयात येतात, त्यामुळे वार विचारूनच गाव सोडावे.

सरकारी व्यवस्थेत जिल्ह्याचे मुख्य दार म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला सारे कोल्हापूर सीपीआर म्हणते. दसरा चौकाजवळ भाऊसिंगजी रोडवर टाऊन हॉलच्या समोर ते आहे, आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते संलग्न आहे. येथे स्वतंत्र हृदयरोग विभाग असून अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि हृदयशस्त्रक्रिया होतात. कोकण, सांगली आणि सीमाभागातूनही रुग्ण येत असल्याने गर्दी असते. ओपीडीसाठी सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा आणि एक माणूस रांगेत, एक रुग्णाजवळ, अशी दोघांनी जाण्याची तयारी ठेवावी. इचलकरंजीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, म्हणजे आयजीएम, आहे. शहरात शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क या भागांत खासगी तज्ज्ञ आणि रुग्णालये आहेत. त्यांतल्या कोणाचे नाव मी सुचवणार नाही, पण निवडताना जाहिरातीपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: कॅथलॅब चोवीस तास चालते का, अँजिओप्लास्टी करताना गुंतागुंत झाली तर हृदयशल्यचिकित्सक किती वेळात येतो, आणि आपल्या योजनेत हे रुग्णालय हृदयविकारासाठी बसते का.

पाचवी पायरी: फाईल

एक साधी प्लास्टिकची फाईल घ्यावी आणि तिच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर रुग्णाचे नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, मधुमेह व रक्तदाब किती वर्षांपासून आहे, आणि सध्याची सर्व औषधे मात्रेसह लिहावीत. आत जुने ईसीजी तारखेच्या क्रमाने लावावेत, कारण नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहिला की डॉक्टरांना पुष्कळ गोष्टी उलगडतात. ईसीजीचा कागद उन्हात आणि प्लास्टिकमध्ये काही महिन्यांत फिका पडतो; म्हणून त्याची झेरॉक्स काढून तीही लावावी. इकोचा अहवाल, मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी आणि अँजिओग्राफीची सीडी यांना फाईलमध्ये कायमची जागा द्यावी. सीडी न घेता डिस्चार्ज घेणारे फार असतात, आणि मग दुसरे मत घ्यायला गेले की नुसत्या लेखी अहवालावर कोणी ठाम बोलत नाही.

तपासण्यांचे नेमके काम थोडक्यात असे. टूडी इको हृदयाची पंपिंग क्षमता आणि झडपा दाखवते, वाहिनीतले ब्लॉक दाखवत नाही. ट्रेडमिल तपासणी चालताना हृदयावर ताण आल्यावर काय होते ते दाखवते. ठोके चुकत असतील तर २४ तास ठोके नोंदवणारे होल्टर नावाचे यंत्र लावतात. अँजिओग्राफीत वाहिन्यांमध्ये औषध सोडून प्रत्यक्ष अडथळे पाहतात, आणि ते औषध मूत्रपिंडावर ताण आणू शकते; म्हणून मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी आणि पूर्वी आलेली ॲलर्जी यांची माहिती आधीच द्यावी.

सहावी पायरी: कॅथलॅबच्या दारातला निर्णय

हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक कुटुंबावर येतो. रुग्ण आत टेबलावर असतो, डॉक्टर बाहेर येऊन संगणकाच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या वाहिन्या दाखवतात, एका ठिकाणी वाहिनी दोऱ्याइतकी बारीक झालेली दिसते, आणि "तीन ब्लॉक आहेत, आत्ताच करायचे का सांगा" असे विचारले जाते. बाहेर उभ्या असलेल्या मुलाला त्या क्षणी काही सुचत नाही आणि तो सही करतो.

झटका चालू असेल तर सही लगेच करावी. तेथे विचाराला जागा नाही. पण दुखणे स्थिर असेल, म्हणजे केवळ चढ चढताना छातीत भरून येते आणि थांबल्यावर जाते, तर औषधांवर राहून पाहणे हाही मान्य उपचार आहे, कारण अशा रुग्णांत स्टेंटमुळे त्रास कमी होत असला तरी केवळ त्याने आयुष्य वाढतेच असे नाही. डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असेल, किंवा मधुमेही रुग्णाच्या तिन्ही वाहिन्यांत तो असेल, तर बायपासचा विचार गांभीर्याने होतो. म्हणून शांतपणे विचारावे: हे आजच करणे का आवश्यक आहे, बायपास किंवा औषधे हा पर्याय आमच्या रुग्णाला का चालणार नाही, आणि दोन दिवस थांबलो तर धोका काय. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

सातवी पायरी: पैशांची व्यवस्था

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. जुलै २०२४ पासून प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रूपात ती प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही लागू झाली आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. तो सहसा प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर असतो. शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव आहे का आणि ते आधारवरच्या नावाशी जुळते का, हे आजच उघडून पाहावे. लग्नानंतर सासरच्या शिधापत्रिकेवर नाव न चढलेल्या स्त्रियांची यात फार अडचण होते.

येथे तीन गोष्टी लोकांच्या ध्यानात येत नाहीत. रुग्णालय योजनेत असले तरी ते सर्व आजारांसाठी असेलच असे नाही, म्हणून हृदयविकारासाठी आहे का असे नेमके विचारावे. योजना दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या तपासण्या आणि गोळ्यांसाठी नाही. आणि तातडीच्या वेळी कागद नसले तरी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेण्याची तरतूद आहे, त्यामुळे शिधापत्रिका गावाकडे राहिली म्हणून रुग्णाला दारात थांबवू देऊ नये. अडचण आल्यास १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकांवर तक्रार करता येते. कोणी योजनेतल्या उपचारासाठी वरून पैसे मागितले तर पावती मागावी.

योजनेबाहेर उपचार घेत असाल तर स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून केंद्राने कमाल मर्यादा घातली आहे, हे लक्षात असू द्यावे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच वेगळी दाखवलेली असावी आणि स्टेंटच्या वेष्टनावरचा स्टिकर आपल्या फाईलमध्ये लावून घ्यावा. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो मिळायला दिवस जातात, म्हणून नियोजित शस्त्रक्रियेची तारीख ठरताच अर्ज करावा. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे: २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयाला छिद्र आढळलेल्या मुलाला मोफत शस्त्रक्रियेसाठी पाठवले जाते. पथकाने दिलेली चिठ्ठी घरच्यांनी "खेळतंय की चांगलं" म्हणून कपाटात ठेवू नये.

आठवी पायरी: घरी आल्यानंतर

स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात. झटक्यानंतर त्या दोन्ही साधारण वर्षभर चालतात आणि पुढे एक बहुधा आयुष्यभर राहते. दात काढायचा आहे, मूळव्याधीचे रक्त दिसले, पैसे संपले, अशा कारणांनी त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन नवा झटका येऊ शकतो. बंद करायच्या असतील तर स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. महागड्या ब्रँडऐवजी जनऔषधी केंद्रातली तीच औषधे चालतील का, हेही त्यांनाच विचारून लिहून घ्यावे.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी, नियमित करावी लागते आणि पालेभाजी रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावी लागते. एका आठवड्यात मेथी-पालक रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे झाले की गोळीचा परिणाम वरखाली होतो. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या मुलांना आणि तरुणांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. त्याचे वेळापत्रक भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षभराचे आधीच खुणा करून ठेवावे.

जेवणात मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, याच्या आत ठेवायचे असते, आणि आपल्या घरी ते रश्श्यापेक्षा खारट लोणचे, पापड, खर्डा आणि फरसाण यांतून अधिक जाते. तांबडा-पांढरा कायमचा सोडा असे मी कोणाला सांगत नाही. पण रश्श्यावरचा तवंग आणि दुसरी वाटी सोडावी, आणि ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पाण्याच्या प्रमाणात रस्सा, ताक आणि दूध कट्ट्यावरचे दूधही मोजावे. अशा रुग्णाने रोज सकाळी लघवीनंतर आणि न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायावर बोट दाबले की खड्डा राहू लागला किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे.

बायपासनंतर छातीचे हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. त्या काळात घागर उचलणे, वैरणीचा भारा, दुचाकी आणि लहान मुलाला कडेवर घेणे बंद ठेवावे, आणि खोकताना छातीशी उशी धरावी. चालणे मात्र पहिल्या आठवड्यापासून, अंगणात पाच मिनिटे, मग दहा, असे वाढवत न्यावे. फुले योजनेत शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांतली संबंधित देखभाल त्याच पॅकेजमध्ये धरलेली असते; त्यामुळे टाक्याच्या जागी लाली, पू किंवा ताप दिसला तर गावात वेगळे पैसे खर्च करत न बसता डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच रुग्णालयात परत जावे.